उत्तरेकडे डोकं करून

हायरम पेकम जिवंत होते तेव्हा फारसं बोलत नसत. दिवसभर लाकडी पिंपं बनवायची, संध्याकाळी जेवून पाइप ओढायचा, आणि बायकोने काही विचारलंच तर खिडकीबाहेर बघायचं, एवढाच त्यांचा संसार. मेल्यावर मात्र त्यांना वाचा फुटली. दर रविवारी चर्चमधून येऊन जेवणं उरकली की स्वयंपाकघरातल्या गोल टेबलाभोवती मंडळी हातात हात घालून बसत, पडदे ओढले जात, आणि हायरमचा आत्मा टेबलाखाली टकटक करून आपली मतं सांगू लागे. एक टकटक म्हणजे नाही, तीन म्हणजे हो. वरच्या शेतात ओट पेरावेत का, घेवड्यात काकवी जास्त घालावी का, नव्या पाद्रीबुवांचं प्रवचन खरोखरच एवढं लांबायला हवं का, सगळ्यावर त्यांचं मत असे. आणि नवलाची गोष्ट अशी, की ते मत त्यांच्या विधवेच्या, मेहिटाबेलबाईंच्या मताशी तंतोतंत जुळे. चाळीस वर्षांच्या संसारात जे कधी घडलं नव्हतं, ते आता दर रविवारी घडत होतं.

गावात कुणाला याचं काही वाटत नसे. न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिमेकडच्या त्या टापूत तेव्हा मेलेली माणसं शेजाऱ्यांसारखी येत-जात असत, आणि काही घरांत तर शेजाऱ्यांपेक्षा त्यांचीच जास्त वाट बघितली जाई.

या बैठकीत सून फिलुरा दाराजवळच्या खुर्चीवर बसे. तिची मुलगी तिर्झा चार महिन्यांची होती आणि तिला आजोबांच्या मतांबद्दल काडीचाही आदर नव्हता. टकटक सुरू झाली की हिचं रडणं सुरू. तशी ती एरवीही रडायची. जेवताना, न्हाताना, उगाच पडल्यापडल्या. पोट दुखत असावं. रडून रडून पोर सुकली होती. मनगटांवर वळ्या पडण्याचं वय, आणि हिची मनगटं वाटाण्याच्या वेलासारखी. फिलुरा तिला खांद्यावर टाकून अंगणात फिरायची, सफरचंदाच्या झाडांना एकेक करून तिची ओळख करून द्यायची. "हे बघ, हे आंबट झाड. हे तुझ्या बाबांचं लाडकं. आणि याला काहीच लागत नाही, पण आजीला ते तोडवत नाही." तिर्झा तेवढा वेळ ऐकून घ्यायची. मग पुन्हा.

"पोर वाढत नाही," सासूबाई म्हणाल्या. नातीवर त्यांचा जीव होता. जीव असला की त्यांना उपाय सुचायचे, आणि उपाय सुचले की घरातल्या माणसांची धडगत नसे.

उपाय घोडागाडीत बसून आला. प्रोफेसर इरॅस्टस व्हिपल. कुठल्या कॉलेजात प्रोफेसर, हे विचारायचं धाडस कुणी केलं नाही. दोन वर्षांपूर्वी तेच गृहस्थ पलीकडच्या गावी भिंतीवरची घड्याळं विकताना शेजारच्या ड्रुसिला बेमिसने पाहिले होते. "पण तेव्हा मिश्या नव्हत्या," ती म्हणाली, आणि मिश्यांनी तिचं समाधान झालं. बरीच वर्षं एकटीने राहिलेल्या ड्रुसिलाला लोकांच्या घरातलं सगळं ठाऊक असे.

प्रोफेसर पेकमांकडेच उतरले. त्यांनी जेवायच्या टेबलावर अक्रोडाच्या लाकडाची पेटी ठेवली. आत घोड्याच्या नालेसारखा मोठा लोहचुंबक, त्याच्यापुढे फिरणारी तारेची दोन रिळं, बाहेर एक दांडा, आणि हिरव्या रेशमात गुंडाळलेल्या तारांच्या टोकांना पितळेच्या दोन मुठी. दांडा फिरवायचा, मुठी धरायच्या, बस. संधिवात, फेफरं, उदासी, दातदुखी, सगळ्यावर तेच.

"शरीरं दोन प्रकारची असतात," प्रोफेसर घसा साफ करून म्हणाले. "देणारी आणि ओढणारी. जीवनाचा जो चुंबकीय रस आहे तो देणाऱ्यातून ओढणाऱ्यात वाहत असतो. बाळ अशक्त आहे याचा अर्थ उघड आहे. या घरात कुणीतरी ओढतंय."

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. ड्रुसिलाने आपली खुर्ची जरा मागे घेतली.

आधी फिलुराचा नवरा ऑरिन पुढे झाला. बापासारखाच पिंपं बनवणारा, हातांना लाकडासारखे घट्टे. प्रोफेसरांनी दांडा गरागरा फिरवला. ऑरिन मुठी धरून नुसता उभा.

"काही वाटतंय?"

"नाही बुवा. सुरू झालं का?"

"तटस्थ!" प्रोफेसरांनी जाहीर केलं. "ना देणारा, ना ओढणारा. तटस्थ."

यंत्राने केलेल्या सगळ्या निदानांत हे एक मात्र अगदी बिनचूक होतं, हे फिलुराला पुढे पटलं.

मग सासूबाई. हातातलं मोज्याचं विणकाम बाजूला ठेवून त्यांनी मुठी धरल्या. "मुंग्या आल्यासारखं होतंय थोडं. हातावरून माशी गेल्यासारखं."

"देणारी! आणि कसली! आता धाकट्या बाईंना बोलवा."

सोमवार होता, म्हणजे धुण्याचा दिवस. मागच्या अंगणात फिलुरा तिर्झाची लंगोटी घासत होती. हाक आली तशी हात झटकत आत आली, आणि कोपरांपर्यंत ओलीच असलेल्या हातांनी तिने त्या मुठी धरल्या.

तिच्या किंकाळीने तिर्झासुद्धा रडायची थांबली. मुठी एकीकडे, फिलुरा दुसरीकडे, आणि खांद्यांपर्यंत दोन्ही हात असे झणझणत होते की जणू मधमाश्यांचं पोळं कुणी बाह्यांत ओतलं होतं.

"अरेरे," प्रोफेसर हळुवारपणे म्हणाले. "बिचारीचा काही दोष नाही. स्वभावच आहे तो शरीराचा. पण ही आई दूध पाजते असं तुम्हाला दिसतं ना, प्रत्यक्षात उलटं चाललंय. हीच बाळाला पिते आहे."

निर्णय तिथेच झाला. तिर्झाने आजीकडे राहायचं, आजीच्या खोलीत झोपायचं. आईने तिला शिवायचंदेखील नाही, तिचे कपडेही हाताळायचे नाहीत, कारण ओढणारा गुण कापडात उतरतो. दूध गाईचं, प्रोफेसरांनी वरून हात फिरवून भारलेलं. फिलुराने डोकं उत्तरेकडे करून झोपायचं. आणि पाण्यात हात घालायचा नाही. पाणी म्हणे अंगातलं उरलंसुरलं चुंबकत्व धुऊन नेतं. या पथ्याने कधीकधी शरीराचा कल पालटतो. नव्या चंद्रानंतरच्या रविवारी पुन्हा परीक्षा घेऊ. पालटला तर बरंच. नाही तर बाळाचं दूध तोडून ते कायमचं आजीच्या हवाली.

"बाबांनाही विचारू," ऑरिन पुटपुटला. बाबांना विचारलं. तीन टकटक.

पाळण्याचं डोकंही उत्तरेकडे हवं म्हणून प्रोफेसरांनी होकायंत्र काढलं. सासूबाईंच्या खोलीला नि स्वयंपाकघराला मधे एक पातळ लाकडी भिंत, आणि भिंतीपलीकडे ती अवाढव्य बिडाची चूल. होकायंत्राच्या सुईने क्षणभर विचार केला आणि ती इमानाने चुलीकडे वळली. त्या घरातली उत्तर त्या दिवसापासून चुलीत गेली. सूर्य त्यामुळे जरा अडचणीच्या बाजूने उगवू लागला, पण तिकडे कुणी लक्ष दिलं नाही. पाळणा चुलीच्या भिंतीला टेकला, लाकडातून छान ऊब येऊ लागली, आणि तिर्झा पहिल्यांदाच सलग झोपली.

"बघितलंत?" प्रोफेसर म्हणाले.

सगळ्यांनी बघितलं. फिलुरानेही बघितलं, दाराच्या फटीतून. पोर झोपली याचा आनंद झाला, आणि ती आपल्याशिवाय झोपली याचं असं काही दुःख झालं की ती अंगणात जाऊन त्या काहीच न लागणाऱ्या झाडाला टेकून उभी राहिली. खरंच आपण ओढत होतो का? यंत्र तर खोटं बोलणार नाही, त्याला काय पडलंय. कपड्याच्या आत छाती दगडासारखी झाली होती. कुठे लांब कुणाचं तरी वासरू हंबरलं आणि तिची चोळी भिजली.

ती कामशाळेत ऑरिनकडे गेली. तो पिंपाला कडं ठोकत होता.

"एकदा माझ्या बाजूने बोल ना रे आईंशी."

"अगं, पण यंत्राने सांगितलं."

"यंत्राला काय कळतं तिर्झाचं?"

"बाबांनीही तीनदा ठोकलं."

"तुझे बाबा तुझ्या जन्माच्या वेळी घरात तरी होते का? आईच सांगतात, मासे पकडायला गेले होते म्हणून."

ऑरिनने हातोडी खाली ठेवली. त्याला बायकोचं दुःख दिसत होतं. ते दिसलं की काय करायचं, हे मात्र त्याच्या घरात कुणी कुणाला शिकवलं नव्हतं. "मला दोघींचंही पटतं," तो म्हणाला.

"पटणारच. तटस्थ ना तू."

छाती बांधून टाक, वर कोबीची पानं ठेव, दूध आटेल आपोआप, असं सासूबाई म्हणाल्या होत्या. फिलुराने पानं आणली आणि सशांना घातली. दूध आटलं की सगळंच संपलं, हे तिला कुणी समजावून सांगायला नको होतं. दिवसातून चार वेळा ती दूधघरात जाई, दार लावून घेई, भांड्यात दूध पिळी. पहिल्या दिवशी ते मांजरीला दिलं. मांजर मिटक्या मारत प्यायली आणि अंगाला घासत राहिली. तिच्याकडे बघता बघता फिलुराच्या मनात आलं, तिर्झासाठीचं दूध इथेच तर ठेवलेलं असतं. निळ्या काठाचा जग, वर ओलं फडकं. गाईचं दूध तिने डुकरांच्या बादलीत ओतलं आणि त्या जगमध्ये आपलं भरलं.

प्रोफेसर संध्याकाळी त्यावरून हात फिरवत, डोळे मिटत, बोटं झटकत. सासूबाई चमच्याचमच्याने ते तिर्झाला पाजत. तिर्झा मिटक्या मारी.

"भारलेलं दूध कसं पचतंय बघा," प्रोफेसर म्हणाले. "तेच साधं असतं तर पोरीने ओकून टाकलं असतं."

सासूबाईंनी चमचा उजेडात धरला. दूध पातळ होतं, किंचित निळसर. गाईचं असं नसतं, हे चाळीस वर्षं गाई पिळलेल्या बाईला सांगावं लागत नाही. त्यांनी चमचा जिभेला लावला. मग प्रोफेसरांकडे पाहिलं, मग भांडी आवरणाऱ्या सुनेच्या पाठीकडे. "हं," एवढंच म्हणाल्या, आणि पुढचा चमचा भरला.

पण ऊब आणि दूध एवढ्यावर मूल वाढत नाही. मूल वाढवायचं म्हणजे मागे एका माणसाला राबावं लागतं, आणि आता ते माणूस सासूबाई होत्या. फिलुराला पाण्यात हात घालायला बंदी. मग लंगोटी धुवायची कुणी? देणारीने. भांडी? देणारीने. दुपट्यांवरची ओकारी, जमिनीवरचं सांडलेलं, पोराची अंघोळ, सगळं देणारीने द्यायचं. फिलुरा आपली कोरड्या हातांनी पाव मळायची, सफरचंदं चिरून दोऱ्यात ओवायची, आणि आतून लेकीचा आवाज आला की सुरी घट्ट धरायची. सासूबाईंचे हात तांबडे झाले, बोटांच्या पेरांना चिरा पडल्या.

"मेहिटाबेल, तोंड कसं उतरलंय गं तुझं," ड्रुसिला म्हणाली. "देऊन देऊन संपत आलीस की काय?"

"तू तुझं सांभाळ. तुझ्याकडे ओढायला कुणी नाही म्हणून गाल वर आलेत."

राहण्या-जेवण्याच्या बदल्यात प्रोफेसर रोज दुपारी सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी यंत्र चालवत. एरवी त्या मुठी धरून ड्रुसिलाशी गप्पा मारत बसत. एका सोमवारी मात्र त्या थेट धुण्याच्या टबावरून उठून आल्या, हात तसेच ओले, आणि दांडा फिरताच "अगं आई गं!" करून खुर्चीसकट मागे सरकल्या.

"हवा दमट आहे आज," प्रोफेसर म्हणाले. "पुन्हा धरा."

सासूबाईंनी आपल्या हातांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग ते एप्रनला पुसले, अगदी बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा, आणि मुठी पुन्हा धरल्या. हातावरून माशी गेल्यासारखं.

पीठ मळणाऱ्या फिलुराचे हात थांबले होते. सासूबाईंनी मान वर केली. दोघींची नजर क्षणभर भेटली, आणि दोघींनीही ती काहीच न घडल्यासारखी बाजूला नेली.

फिलुराला वाटलं, आत्ता बोलावं. पण कुणाशी? प्रोफेसरांना त्यांच्याच यंत्रातलं शहाणपण शिकवायचं? आणि सासूबाई, ज्यांनी साऱ्या गावादेखत, मेलेल्या नवऱ्याच्या साक्षीने पोर ताब्यात घेतली, त्या मागे कशा येतील? त्या तर सूपसुद्धा खारट झालं तर मिठाला दोष देत.

त्याच आठवड्यात एका दुपारी आतून रडणं आलं आणि थांबेना. फिलुरा दारापर्यंत गेली. सासूबाई खुर्चीत झोपल्या होत्या, तोंड उघडं, हातात अर्धं पिळलेलं दुपटं. पाळण्यात तिर्झा लालबुंद होऊन मुठी हवेत मारत होती. फिलुराने इकडेतिकडे पाहिलं आणि तिला उचललं. पोरीने तिच्या मानेत नाक खुपसलं, हुंगलं, आणि एकदम अशी गप्प झाली की जणू एवढे दिवस ती याच एका प्रश्नाचं उत्तर मागत होती. फिलुरा पाळण्याशेजारी जमिनीवरच बसली. तिर्झा प्यायला लागली, एक डोळा आईवर ठेवून, छोट्या बोटांनी तिचं बोट आवळून. फिलुराने तिचं मनगट चाचपलं. एक बारीकशी वळी पडली होती. तिथे तिने ओठ टेकवले.

खुर्ची करकरली. फिलुराने वर पाहिलं. सासूबाईंचा एक डोळा उघडा होता. तो सुनेवर आला, नातीवर आला, जरा वेळ तिथे रेंगाळला, आणि पुन्हा मिटला. मग खुर्चीतून घोरण्याचा आवाज येऊ लागला. खऱ्या घोरण्यापेक्षा तो बराच मोठा होता.

परीक्षेचा रविवार उजाडला. ड्रुसिला सर्वांत आधी हजर. जेवणं झाली. फिलुरा पिठाच्या डब्याशी गेली, आत हात घालून तळवे चांगले चोळले, आणि कुणाला दिसू नयेत म्हणून मुठी आवळून टेबलाशी आली. काळीज असं उडत होतं की वाटलं, घामाने पीठसुद्धा ओलं होईल.

प्रोफेसरांनी दांडा फिरवला. तिने मुठी धरल्या. आणि काय? हातावरून माशी गेल्यासारखं.

"काय वाटतंय, बाई?"

"काहीच नाही. जराशा मुंग्या."

प्रोफेसरांनी दुप्पट वेगाने फिरवलं. त्यांच्या कपाळावर घाम आला. "मुंग्याच?"

"मुंग्याच."

"चुकत असेल काहीतरी," ड्रुसिला म्हणाली. "मेहिटाबेलला धरायला लावा. म्हणजे कळेल."

फिलुराच्या लक्षात आलं, सासूबाईही देणाऱ्याच निघाल्या, तर पोर त्यांच्याकडे राहायला काहीच हरकत नव्हती. दोघी देणाऱ्या असल्या तर थोरलीचा मान.

सासूबाई भांड्यांच्या टबापाशी उभ्या होत्या, हात पाण्यात. "आले," त्या म्हणाल्या. शेजारी खुंटीवर कोरडं फडकं लटकत होतं. ओल्या हातांचा प्रसाद एकदा मिळालेल्या सासूबाईंनी फडक्याकडे पाहिलं आणि त्याला हात न लावता त्या चालत आल्या. कोपरावरून थेंब गळत होते, टबापासून टेबलापर्यंत जमिनीवर ओळ उमटली. प्रोफेसर यंत्राकडे बघत होते. ड्रुसिला प्रोफेसरांकडे बघत होती. ओळ फक्त फिलुराने पाहिली.

सासूबाईंनी दात आवळून मुठी धरल्या.

त्यांची किंकाळी गावाबाहेरच्या कालव्यापर्यंत गेली असावी. ऑरिन धावला. प्रोफेसर उठून उभे राहिले आणि त्यांचा चेहरा उजळला.

"पालटलं! मंडळी, दोघींचाही कल पालटला! धाकटी देणारी झाली आणि थोरली ओढणारी! असं उदाहरण साऱ्या राज्यात सापडायचं नाही!"

"म्हणजे मेहिटाबेल, आता तू ओढणारी?" ड्रुसिलाला एवढा आनंद बऱ्याच दिवसांत झाला नव्हता.

सासूबाई हात चोळत होत्या. "असेन. एका माणसाच्या तोंडून चाळीस वर्षं शब्द ओढत होते, सवय आहे मला."

आता हायरमचं मत घ्यायचं राहिलं. बैठकीत देणारा आणि ओढणारा आळीपाळीने बसवायचे असा नियम, म्हणून दाराजवळची खुर्ची सोडून फिलुरा पहिल्यांदाच सासूबाईंच्या शेजारी आली. पडदे ओढले गेले. तिच्या हातात सासूबाईंचा हात आला, अजून ओलसर, चिरा पडलेला. तिच्या हाताचं पीठ त्याला चिकटलं.

"हायरम पेकम," प्रोफेसर म्हणाले, "बाळाने पुन्हा आईकडे जावं का?"

फिलुराच्या स्कर्टशेजारी दुसरा एक स्कर्ट जरासा हलला आणि जाड टाचेचा बूट टेबलाच्या पायावर आपटला. एकदा. दोनदा. मधे जरा विसावा, गुडघा दुखत असावा. तीनदा.

"बाबा हो म्हणाले!" ऑरिन जवळजवळ ओरडलाच. त्याला खरंच आनंद झाला होता, आणि तो कुणाच्या बाजूने आहे हे त्या एका क्षणी सगळ्यांना कळलं.

फिलुराने अंधारात सासूबाईंचा हात दाबला. त्या हाताचा अंगठा हळूच तिच्या बोटांवरून फिरला, एकदाच.

प्रोफेसर दुसऱ्या दिवशी पेटी घेऊन पुढच्या गावाला गेले. तिर्झाचा पाळणा फिलुराच्या खोलीत आला. ही खोली चुलीपासून लांब आणि गार. फिलुरा पाळणा घेऊन जरा वेळ उभी राहिली, मग उलट फिरली, तो स्वयंपाकघरात आणला आणि चुलीजवळ ठेवला. आपली खुर्चीही ओढून घेतली, आणि पोरीला शालीखाली घेतलं.

टबात लंगोट्या भिजत पडल्या होत्या. सासूबाई बाह्या सारत आल्या आणि सवयीने हात पाण्यात घातले.

"राहू द्या आई, मी धुते नंतर."

"गप बस. पाजते आहेस ना?" त्यांनी एक लंगोटी पिळली. मग वळून पाळण्याकडे बघितलं. "आणि झोपली की डोकं उत्तरेकडे कर हो पोरीचं."

"होय, आई," फिलुरा म्हणाली, आणि पाळणा पायाने आणखी थोडा चुलीकडे सरकवला.